‘खमंग’ या शब्दाची कैफियत

वृत्तपत्रांतील ‘खमंग बातमी’, ‘खमंग किस्सा’ असले प्रयोग वाचून भाषाशुद्धीचे काही अभिमानी असा आक्षेप घेतात की, जो शब्द स्वयंपाकघरात सोज्ज्वळपणे नांदत होता, त्याच्यावर आता चावटपणाची चाकरी करण्याची पाळी आली असून, सबब त्याला पाकशास्त्राच्या हद्दीबाहेर पाऊल टाकण्याची मनाई असावी. या फिर्यादीतील उद्वेग प्रामाणिक असला, तरी तिचा पाया कच्चा आहे.

मुळात खमंग म्हणजे झोंबणारे, जहाल, ही समजूतच टिकत नाही. खमंग काकडीचेच पाहा: चोचवलेली काकडी, दाण्याचे कूट, मीठ, लिंबू, चिमूटभर साखर आणि वरून तुपात तडतडलेल्या जिऱ्याची फोडणी, मिरची अजिबात वगळली तरी तिचे नाव बदलत नाही. थालीपिठाच्या भाजणीसाठी बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने हे सारे निरनिराळे, मंद आचेवर भाजावे लागते. दाणा कच्चा राहिला तर पीठ उग्र लागते, करपला तर कडू होते, आणि या दोहोंमधला जो नेमका क्षण सुगरणीला साधतो, त्याच्या दरवळाला आपण खमंग म्हणतो. तीव्रता आणि संयम यांचा मेळ हा या शब्दाचा प्राण आहे. म्हणूनच लक्षणेने तो वाङ्मयात आला, यात भ्रष्टता कसली?

सोलापूरच्या राम जोश्यांची शृंगारिक लावणी खमंग ठरते ती विषयामुळे नव्हे. संस्कृतात मुरलेला तो शाहीर श्लेष, यमक आणि सूचन यांच्या आचेवर विषय परततो, आणि अर्थ उलगडेपर्यंत श्रोत्याला हसू आवरून धरावे लागते. तेव्हा खमंग आणि अश्लील यांना एकाच दप्तरात बांधणे हा इन्साफ नव्हे. कायद्यालाही असा सरसकट हिशेब मान्य नाही. १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ कथेवर अश्लीलतेचा खटला होऊन उच्च न्यायालयाने लेखकास दोषी ठरविले. पण १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने कथा समग्र वाचली पाहिजे असे म्हणून तो फैसला रद्द केला.

अर्थात याचा फायदा घेऊन कोणत्याही बीभत्स मजकुरावर खमंगपणाची चिठ्ठी डकविणाऱ्या संपादकांची वकिली मला करावयाची नाही; शुद्धिवाद्यांपेक्षा या शब्दाचे अधिक नुकसान त्यांनीच केले आहे. त्यांच्यासाठी कसोटी सोपी आहे: मजकुरातील सूचकता काढून घेतल्यावर गंमत नाहीशी होत असेल, तर तो खमंग, सूचकता काढूनही काहीच उणे पडत नसेल, तर तो निव्वळ कच्चा, आणि त्याला ‘अश्लील’ हा रोखठोक शब्द भाषेत हजर आहे.