मैदान नगराचे, क्लब भाडेकरू

क्रीडास्पर्धेचा सोहळा पंधरा-वीस दिवसांत आटोपतो. त्यासाठी उभारलेली वास्तू मात्र नगराला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावी लागते. मांडव उतरल्यावर खर्चाची यादी घेऊन बसलेल्या यजमानासारखी तेव्हा नगरसंस्थेची अवस्था होते. अशा वेळी एखादा नामवंत क्लब पुढे येऊन मैदान वापरण्याची तयारी दाखवतो. हा प्रस्ताव नगराला तारतो की बुडवतो? इंग्लंडमधील दोन शहरांनी गेल्या पाव शतकात या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली आहेत. २०३० च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले असताना ती दोन्ही उत्तरे भारतीय नगरांनी वेळीच अभ्यासलेली बरी.

पहिले शहर मँचेस्टर. २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी या शहराने आपल्या पूर्व भागात, जुने उद्योग बंद पडल्याने ओस पडलेल्या परिसरात, नवे स्टेडियम बांधले. कोनशिला बसण्यापूर्वीच, १९९९ मध्ये, नगर परिषदेने मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबशी बोलणी पक्की केली होती. त्यामुळे स्टेडियमचा आराखडाच दुहेरी उपयोग डोळ्यांपुढे ठेवून तयार झाला. स्पर्धा संपताच धावपट्टी काढण्यात आली, मैदान खोल करून आसनांची आणखी एक रांगमाळ बसवण्यात आली आणि ३८ हजारांची क्षमता सुमारे ४८ हजारांवर गेली. अंतर्गत सजावटीचा भार क्लबने उचलला व २००३ मध्ये तो तेथे राहावयास आला. क्लबच्या जुन्या मैदानाच्या क्षमतेहून जेवढे अधिक प्रेक्षक येतील, त्यांच्या तिकीट-उत्पन्नात नगराचा हिस्सा ठरला. पुढे या भाड्याचा करार नव्याने झाला. पण वास्तूची मालकी नगराकडेच राहिली. ॲथलेटिक्सही बेघर झाले नाही. सरावासाठी केलेल्या शेजारच्या धावपट्टीभोवती स्वतंत्र मैदान विकसित झाले.

दुसरे शहर लंडन. २०१२ च्या ऑलिंपिकसाठी पूर्व लंडनमध्ये ८० हजार प्रेक्षकांचे स्टेडियम उभे राहिले. स्पर्धेनंतर वरची ५५ हजार तात्पुरती आसने काढून २५ हजारांचे ॲथलेटिक्स मैदान ठेवावे, अशी मूळ कल्पना होती. फुटबॉल क्लबचा विचार आराखड्यात नव्हता. पुढे धोरण बदलले आणि क्लबचा शोध सुरू झाला. वेस्ट हॅम युनायटेडची निवड झाली, प्रतिस्पर्धी क्लब न्यायालयात गेले, २०११ मध्ये तो व्यवहार मोडला. अखेर २०१३ मध्ये त्याच क्लबशी ९९ वर्षांचा करार झाला. हे सारे वरातीमागून घोडे होते!

त्याची किंमत जनतेने मोजली. ॲथलेटिक्सच्या स्टेडियमचे फुटबॉलसाठी रूपांतर करण्यास ३२ कोटी ३० लाख पौंड लागले. त्यात क्लबचा वाटा दीड कोटी पौंडांचा होता. वार्षिक भाडे सुमारे २५ लाख पौंड ठरले. कराराच्या अटी प्रथम गुप्त ठेवण्यात आल्या. माहितीच्या अधिकारासाठी झगडणाऱ्या नागरिकांमुळे २०१६ मध्ये त्या उघड झाल्या, तेव्हा सुरक्षारक्षकांपासून कोपऱ्यातील झेंड्यांपर्यंत बहुतेक खर्च सार्वजनिक संस्थेच्या माथी असल्याचे दिसले. धावपट्टी झाकण्यासाठी पुढे-मागे सरकणारी आसने बसवली होती. ती हलवण्याचा खर्च ३ लाख पौंड धरला होता, तो सुमारे ८० लाखांवर गेला. भागीदार असलेल्या न्यूहॅम या स्थानिक परिषदेने ४ कोटी पौंड गुंतवले होते. २०१७ मध्ये ती गुंतवणुकीवर पाणी सोडून बाहेर पडली. त्याच वर्षी महापौर सादिक खान यांनी नेमलेल्या चौकशीचा अहवाल आला आणि स्टेडियमचा सारा कारभार महापौरांनी आपल्या हाती घेतला.

येथे क्लबला दोष देणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. क्लबने आपल्या हिताचा करार केला. नगराच्या हिताचा करार करणे हे नगराच्या प्रतिनिधींचे कर्तव्य होते. मँचेस्टर बोलणी करण्यास बसले तेव्हा त्याच्या हाती एक योजना होती. लंडन बसले तेव्हा त्याच्या गळ्यात एक वास्तू होती. गरजवंताला अक्कल नसते, ही म्हण नगरांनाही लागू पडते.

क्लबांशी भागीदारीच नको, असा निष्कर्ष मात्र यातून निघत नाही. संस्थांनी मैदाने चालवावीत, ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके थेट १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपर्यंत नेली. सरकारी खात्याला जे साधत नाही, ते निष्ठावान संस्था साधते. प्रश्न संस्थेचा नाही, तिच्या फाटकाचा आहे. ते फाटक कोणासाठी उघडते?

मुंबईकरांना हा प्रश्न अपरिचित नाही. महापालिकेच्या मालकीच्या अंधेरी क्रीडा संकुलातील मैदान २०१६ च्या हंगामापासून मुंबई सिटी या क्लबचे घरचे मैदान झाले. २०१९ मध्ये मँचेस्टर सिटीच्याच मालक-समूहाने या क्लबमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला होता. २०१६ मध्येच मोकळ्या जागा खासगी संस्थांकडे सांभाळण्यास देण्याच्या महापालिकेच्या धोरणाला नागरिकांनी कडाडून विरोध केला, आणि तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्यास स्थगिती देऊन आधी दिलेले भूखंड परत घेण्यास सांगितले. सांभाळायला दिलेली जागा हळूहळू सभासदांचीच होऊन जाते, ही भीती त्या विरोधामागे होती, आणि ती निराधार नव्हती.

म्हणून करार करताना काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. करार बांधकामापूर्वी व्हावा आणि तो पहिल्या दिवसापासून सर्वांना वाचता यावा. मालकी नगराकडेच राहावी. कारण क्लबचे धनी बदलतात, नगर बदलत नाही. मँचेस्टर सिटीचीच मालकी २००७ व २००८ या लागोपाठ दोन वर्षांत दोनदा पालटली. क्लबची भरभराट झाली, तर भाडेही वाढावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पालिका शाळेतील मुलांसाठी, परिसरातील खेळाडूंसाठी आणि महिलांसाठी राखलेले तास करारातच लिहिलेले असावेत. ते क्लबच्या मर्जीवर सोडू नयेत.

अहमदाबादेत नारणपुऱ्याचे वीर सावरकर क्रीडा संकुल २०२५ मध्ये खुले झाले. २०३० पर्यंत आणखी वास्तू उभ्या राहतील. पदके किती मिळाली, हे जग त्या वर्षी मोजेल. त्या वास्तूंचे खरे मोजमाप मात्र नंतर होईल. एखाद्या पहाटे जुने बूट घालून आलेला रिक्षाचालकाचा मुलगा फाटकाशी उभा असेल. पहारेकरी त्याच्याकडे सभासदत्वाचे कार्ड मागतो, की त्याला धावपट्टीची वाट दाखवतो, एवढ्यावरच त्या कराराची परीक्षा होणार आहे.