आमच्या पुस्तकात ‘मोगलाई’ नको

दादीच्या हातच्या पदार्थांचं पुस्तक काढायचं भाच्याने मनावर घेतलं आणि पहिल्या पानाचा नमुना मोबाइलवर पाठवला. काळी पार्श्वभूमी, तांब्याचं भांडं, वर केशराच्या काड्या आणि ठळक अक्षरांत ‘मोगलाई मेजवानी’. हिंगणीच्या आमच्या घरात केशर कुणी पाहिलं होतं? दादा दुसऱ्याच्या वावरात तूर सोंगायला जायचे. चुलीवरच्या गंजात शिजायची ती अंबाडी, ज्वारीच्या कण्या घालून. हातात पैसे असले त्या आठवड्यात त्यात गोश्त पडायचं.

मराठी पाककृतींत मुसलमानाचं जेवण बहुतेक वेळा ‘मोगलाई’ नावाच्या प्रकरणातच येतं. वर्धा जिल्ह्यातल्या मजुराच्या चुलीचा आणि दिल्लीच्या दरबाराचा काय संबंध? अंबाडीत कण्या घालायला दादीला शेजारच्या कुणब्याच्या आजीने शिकवलं. दादीने तिला दालचा शिकवला. म्हणून भाच्याला सांगितलं, प्रत्येक पदार्थाखाली तो कुणाकडून घरात आला ते लिही. साहित्याची यादी कुठेही मिळते, ही गोष्ट मिळत नाही.

शाहू पाटोळ्यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ 2015 साली आलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या ताटात काय होतं, हे त्यांनी न लाजता लिहिलं. आमच्याकडे तसं अजून फारसं झालेलं नाही. आमच्याकडचं जुनं नाव घ्यायचं तर माळव्याचं ‘निमतनामा’. साधारण 1500 च्या सुमाराचं, मांडूच्या सुलतान गियासुद्दीनसाठी तयार झालेलं सचित्र पाकपुस्तक, आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. चित्रांत सुलतान पुन्हा पुन्हा दिसतो आणि पुस्तकही सुलतानांच्याच नावाने ओळखलं जातं. रांधणाऱ्यांच्या नाही.

आमच्या दादीचा फोटो एकच, मतदार ओळखपत्रावरचा. खाला आणि फुफी चेहरा दाखवायला तयार नाहीत. त्यांना गळ घालायची नाही, हे मी बजावलं. पीठ मळणारे हात घ्या, मिठाच्या मापाचा तो कान तुटलेला कप घ्या, हळदीने पिवळी पडलेली अम्मीची वही जशी आहे तशी छापा. आणि ‘बघार’ची ‘फोडणी’ करू नका. दादी घरात बघार म्हणायची, शेजारी फोडणी. दोन्ही शब्द तिचेच होते, पण ही वही घरातली आहे. (प्रेसवाल्याच्या संगणकावर मजकूर गेला की जोडाक्षरं फुटतात, ही डोकेदुखी वेगळीच. तीनदा तपासूनही ‘गोश्त’चा पाय मोडलेलाच येतो.)

खरा वाद एका पानावर आहे. बकरीदनंतरच्या सुक्या गोश्ताची पाककृती. अम्मीच्या वहीत स्पष्ट लिहिलंय, बैलाचं. 2015 च्या कायद्याने राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू कापायलाही बंदी आली. त्याआधीची ही वही. भाचा म्हणाला, “मामू, कुणी या पानाचा फोटो काढून फिरवला तर? मी नोकरी करतो.” त्याला भित्रा म्हणायची माझी हिंमत नाही. मी चाळीस वर्षांपूर्वीच्या हिंगणीत वाढलो, तो आजच्या पुण्यात भाड्याचं घर शोधतोय.

तरीही माझं मत आहे की पान राहावं. शब्द राहावा, शेजारी साल राहावं आणि खाली एक ओळ यावी की आता हे बोकडाचं करतात. नुसतं ‘मटण’ लिहिलं तर नातवंडांना वाटेल दादा दर ईदला बोकड कापायचे. बोकड परवडत नव्हता, म्हणून तर बैलात सात हिस्से. दादांचा त्यातला एक, तोही उधारीवर. ते गरिबीचं पान आहे आणि गरिबी खोडून पुस्तक शोभिवंत करायचं असेल, तर मग केशराच्या काड्याच बऱ्या.

शेवटी अम्मीला विचारलं. वही तिची आहे. तिने चष्मा लावून छापील पान दोनदा वाचलं, म्हणाली, “यात मीठ जास्त लिहिलंय,” आणि पान उशीखाली ठेवलं. प्रेसवाला रोज फोन करतोय.