नव्या अभ्यासक्रमाची परीक्षा

विद्यापीठ विद्यार्थ्यांची परीक्षा घेते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु नव्या अभ्यासक्रमासही आधी परीक्षेस बसावे लागते, हे आपल्या घरांतून फारसे कोणी जाणत नाही. शिरूर वा दौंड येथे अमुक विषय का शिकवीत नाहीत, असा प्रश्न निघाला की कोणी शासनास बोल लावतो, कोणी महाविद्यालयास. म्हणून ही व्यवस्था थोडक्यात सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

१९४९ साली स्थापन झालेल्या, व २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाचा कारभार २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाप्रमाणे चालतो. त्यात परीक्षा दोन आहेत. पहिली विषयाची. काय शिकवावे, याचा विचार प्रथम अभ्यासमंडळ करते, मग विद्याशाखा व अखेर विद्यापरिषद. दुसरी स्थळाची. महाविद्यालयाचा अर्ज पंचवार्षिक बृहत् आराखड्याशी ताडून अधिष्ठाता मंडळ त्याची छाननी करते. व्यवस्थापन परिषदेच्या संमतीने तो राज्य शासनाकडे जातो. शासनाची अनुमती मिळाली, तरी संलग्नतेपूर्वी चौकशी समिती ग्रंथालय, प्रयोगशाळा व अध्यापक यांची पाहणी करते.

इतकी दारे कशास, असे कोणी म्हणेल. शास्त्रार्थात पूर्वपक्ष नीट मांडल्यावाचून सिद्धांतास मोल येत नाही. अध्यापकांवाचून उघडलेला वर्ग दोन वर्षांत ओस पडला, तर मुलांची गेलेली वर्षे कोणी भरून द्यावयाची? तथापि द्वारपालानेही विसरू नये की अतिविलंब हाही एक नकारच होय. मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीस पुन्हा स्थान मिळावे, म्हणून न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्या अधिकारी पुरुषासही दीर्घकाळ खटपट करावी लागली.

आमच्या मते छाननीत कागदाइतकाच प्रदेशही पाहावा. दौंड हे रेल्वेचे जंक्शन. शिरूरास रेल्वे नाही, तेथील विद्यार्थ्यास रस्त्यानेच पुणे गाठावे लागते. दौंड तालुक्यात कुरकुंभ येथे रासायनिक कारखाने आहेत, तर शिरूर तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. म्हणजे शेजारचे दोन तालुके, परंतु गरजा एक नव्हेत. शिवाय विषय गावी नसला, तर मुलगा पुण्यास खोली घेऊन राहतो. मुलीचे शिक्षण मात्र कित्येक घरांत तेथेच थांबते. हा तोटा कोणत्याही अर्जाच्या रकान्यात दिसत नाही.

तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनी प्रवेशापूर्वी तीन गोष्टी अवश्य विचाराव्या: शासनाची अनुमती आहे काय, संलग्नता चालू आहे काय, आणि शिकविणारे कायम आहेत काय. उत्तर लेखी मागण्यात संकोच कसला? आपण मुलांच्या आयुष्याची वर्षे त्यांच्या स्वाधीन करीत असतो.