जुन्या मॉनिटरला निरोप देताना



आपल्या शाळेत जिन्याखालच्या कोठीत जुन्या संगणकांचे नऊ मॉनिटर कित्येक वर्षांपासून पडून आहेत. शनवाऱ्यातून फिरणारा कबाडी अधूनमधून विचारून जातो. मागच्या बैठकीत प्रश्न निघाला की, जागा अडते आहे तर ते देऊन का टाकू नयेत? माझे उत्तर मी येथे सर्वांसमोर मांडतो. माझे शिक्षण हिंदी माध्यमातले, भाषेत चूक झाल्यास सांभाळून घ्यावे.

आधी मुलांसाठी दोन शब्द. हे जाड मॉनिटर म्हणजे काचेची मोठी नळी. १८९७ साली जर्मनीच्या ब्राउन या शास्त्रज्ञाने तिचा पहिला नमुना बनवला. नळीत हवा नसते. मागच्या टोकातून इलेक्ट्रॉन सुटतात, तांब्याच्या वेटोळ्यांचे चुंबकत्व त्यांना वळवते आणि पडद्यामागच्या लेपावर ते आदळले की तो चमकतो. सपाट एलसीडी पडद्यात मात्र मागे दिवा असतो आणि द्रवस्फटिक नावाचा पदार्थ प्रत्येक ठिपक्यातून किती प्रकाश जाऊ द्यायचा ते ठरवतो.

नवे पडदे घेतले ते योग्यच झाले. १७ इंची जुना मॉनिटर सुमारे १५ किलोचा आणि ७०-८० वॅट वीज खाणारा. तेवढाच एलसीडी चार-पाच किलोचा व ३०-३५ वॅटचा. वीज गेली की त्याच यूपीएसवर मुलांना काम जतन करायला जास्त वेळ मिळू लागला. पडद्याची लुकलुक थांबली, खोलीतली उष्णताही कमी झाली.

पण जुना सर्वच बाबतीत कमी होता असे नाही. एका संगणकावर तिघे बसत, तेव्हा कडेच्या मुलालाही चित्र नीट दिसे. सुरुवातीच्या एलसीडीवर कडेने रंग बदललेले दिसत. पुढे हा दोष कमी करणाऱ्या पातळ फिल्ममध्ये चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक वापरले गेले. ते १९७७ साली बंगळूरच्या रमण संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले होते. आपल्या देशातले हे काम मुलांना माहीत असावे.

आता मूळ प्रश्न. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असे चार मॉनिटर कबाड्याला दिले होते. थोडे पैसे मिळाले, पावती फाडली, विषय संपला असे वाटले. आठवड्याने नाल्याकाठी जाड काचेचे तुकडे दिसले. तांबे काढून घेतले होते, काच टाकून दिली होती, आणि दोन लहान मुले त्यात आणखी काही मिळते का ते शोधत होती. चूक कबाड्याची कमी, माझी जास्त. त्याला कोणी सांगितले नव्हते. मला माहीत असायला हवे होते.

त्या नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या काचेत साधारण पाचवा हिस्सा शिशाचा ऑक्साइड असतो. काच फोडली की त्याची धूळ माती-पाण्यात मिसळते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मुलांसाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही. त्याने मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो. आपण मुलांची बुद्धी वाढवायला संगणक आणले आणि त्यांच्याच कबाडाने दुसऱ्या कोणाच्या मुलांची बुद्धी खुंटवावी, हे शाळेला शोभते काय?

ई-कचऱ्याचे नियम देशात १ मे २०१२ पासून आले; सध्याचे, २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जावा हा त्यांचा रोख आहे.

म्हणून माझी विश्वस्त मंडळाला विनंती अशी :

१. आठ मॉनिटर नोंदणीकृत संस्थेकडेच पाठवावेत. पैसे मिळण्याऐवजी भाडे द्यावे लागले तरी चालेल.

२. पालकांनी घरचे जुने टीव्हीही सोबत द्यावेत, म्हणजे एकच गाडी भरेल.

३. एक चालू मॉनिटर विज्ञान प्रयोगशाळेत ठेवावा. शिक्षकांसमोर त्याच्याजवळ चुंबक धरला की चित्र वाकडे होते. धड्यातला इलेक्ट्रॉन डोळ्यांना पटतो. मात्र तो कोणीही उघडू नये. बंद केल्यावरही आत घातक विद्युतभार राहू शकतो.

हाच नियम सपाट पडद्यांनाही लागू करावा. जुन्या एलसीडीच्या दिव्यांत पारा असतो.

चारशे वर्षांपूर्वी कुंडी भंडाऱ्यातून जमिनीखालून स्वच्छ पाणी आणणारे हे गाव आहे. त्याच जमिनीत आपल्या शाळेचे शिसे मुरू नये, एवढेच मागणे. पुढच्या बैठकीत यावर निर्णय व्हावा.

— मुख्याध्यापक