‘बास’ म्हणायला कोणी आहे का?

शनिवारी, १७ मे २०२५ च्या रात्री, महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावर काळ्या टी-शर्टांचा नुसता लोंढा होता. रेसकोर्सवर गन्स अँड रोझेस वाजवून गेले होते आणि माझ्यासकट सगळ्यांचे कान बधिर झाले होते. कार्यक्रम कसा झाला ते तुम्ही एव्हाना चार ठिकाणी वाचलं असेल, मी त्यात पडत नाही. मला लिहायचंय ते परतीच्या लोकलमध्ये जे कानावर आलं त्याबद्दल. बँडच्या गिटारवाल्या स्लॅशसारखी उंच टोपी घातलेला एक विशीतला मुलगा दारात उभा राहून मित्रांना सांगत होता, “डिसेंबरमध्ये नवीन अल्बम येतोय. पक्की खबर.” मग त्या अल्बमात कुठली गाणी असणार, कुठली असता कामा नयेत, यावर त्या चौघांचं लोअर परळपासून वांद्र्यापर्यंत कडाक्याचं भांडण झालं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

मला राहवलं नाही. विचारलं, “खबर कोणाकडून?”

“काका, आतल्या गोटातून.”

हा आतला गोट मला चांगला माहीत आहे. २००२ साली तो मला फोर्टच्या फुटपाथवर भेटला होता. प्लास्टिकच्या पिशवीत सीडी, त्यावर काळ्या मार्करने गन्स अँड रोझेसच्या तोवर न आलेल्या अल्बमचं नाव, ‘चायनीज डेमोक्रसी’, असं लिहिलेलं, स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. “मार्केटमध्ये यायच्या आधीचा माल आहे साहेब,” असं म्हणून त्याने माझ्याकडून ऐंशी रुपये घेतले. घरी येऊन लावली तर आदल्या वर्षीच्या रिओमधल्या कार्यक्रमाचं कोणीतरी गर्दीतून केलेलं रेकॉर्डिंग निघालं. गायक ॲक्सल रोझच्या आवाजापेक्षा शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा खोकला जास्त स्पष्ट. तरी ती सीडी मी वर्षभर ऐकली. ऐंशी रुपये गेल्याचं दुःख असं चघळूनच कमी होतं.

‘चायनीज डेमोक्रसी’चं पुराण मी या सदरात इतक्यांदा लावलंय की जुने वाचक आता उठून पाणी प्यायला जातील. जा, पण दोन मिनिटांत परत या, कारण या वेळी मला ते पुराण एकट्याने लावायचं नाही. शेजारी दुसरी पोथी ठेवायची आहे. ‘टूल’ या बँडच्या ‘फिअर इनॉक्युलम’ची.

दोन्ही बँड लॉस एंजेलिसचे. दोघांनीही चाहत्यांना एका दशकापेक्षा जास्त ताटकळत ठेवलं. गन्स अँड रोझेसचा इतरांच्या गाण्यांचा अल्बम आला २३ नोव्हेंबर १९९३ रोजी आणि ‘चायनीज डेमोक्रसी’ आला २३ नोव्हेंबर २००८ रोजी. बरोबर पंधरा वर्षं, तारखेला तारीख. तेराव्याला यावं तसं वेळेवर. ‘टूल’चा ‘टेन थाउजंड डेज’ २००६ मधला आणि ‘फिअर इनॉक्युलम’ ३० ऑगस्ट २०१९ चा. तेरा वर्षं. दोघांच्याही नावाने अफवांचं पीक बारमाही. एवढं सारखेपण असताना एकाचं हसं का झालं आणि दुसऱ्याचं कौतुक का, हा माझा या आठवड्याचा प्रश्न.

आधी अफवा. गन्स अँड रोझेसच्या अफवांचं वैशिष्ट्य असं की त्यातल्या निम्म्या खुद्द घरातूनच निघत. नोव्हेंबर येतोय, पुढचं वर्ष नक्की, मिक्सिंग तेवढं राहिलंय. २००६ च्या डिसेंबरात तर ॲक्सलने जाहीर पत्र लिहून ६ मार्च २००७ ही संभाव्य तारीख दिली. ६ मार्च आला, गेला. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्ग २०११ पासून दर गणपतीच्या आधी ‘यंदा नक्की’ होतो, त्याच शाळेतला हा विद्यार्थी. कोकणातला माणूस निदान खड्डे चुकवत का होईना, पण गावी पोचतो तरी.

‘टूल’ने अफवेला पगारावर ठेवलं. २००१ मध्ये इंटरनेटवर फुकट गाणी पळवणाऱ्यांना चकवायला त्यांनी अल्बमचं ‘सिस्टेमा एन्सेफाल’ असं भलतंच नाव जाहीर केलं, सोबत गाण्यांची अख्खी खोटी यादी. लोक ती गाणी शोधत बसले आणि आला ‘लॅटरॅलस’. २००५ च्या १ एप्रिलला गायक मेनार्ड जेम्स कीननला येशू भेटला असून तो अल्बमचं काम सोडतोय, अशी बातमी त्यांनी सोडली. भल्याभल्यांनी ती गिळली. आठवड्याने कळलं की थट्टा होती. ज्याला स्वतःच्या अफवेवर हसता येतं त्याला उशीर माफ होतो. ॲक्सलच्या बाबतीत हसायचं काम बाहेरच्यांनी केलं. ‘ऑफस्प्रिंग’ या बँडने २००३ मध्ये आपल्याच अल्बमला ‘चायनीज डेमोक्रसी’ नाव देतो, तुम्ही झोपलात, आम्ही उचललं, असं जाहीर करून टाकलं. ॲक्सलकडून तातडीने वकिलाची नोटीस.

आणि तो पेयाचा किस्सा! २००८ च्या मार्चमध्ये ‘डॉक्टर पेपर’ या थंड पेयाच्या कंपनीने जाहीर केलं की अल्बम त्या वर्षात आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट. वगळले फक्त दोघांना, बँड सोडून गेलेल्या स्लॅश आणि बकेटहेड या गिटारवाल्यांना. ॲक्सलने मोठेपणाने कळवलं की बकेटहेडचं वादन अल्बमात आहे, माझ्यातला वाटा मी त्याला देईन. कंपनीला वाटलं होतं ही पैज फुकटात जिंकली. अल्बम आला. कंपनीने कूपनं घ्यायला एकच दिवस ठेवला, वेबसाइट त्या गर्दीत कोलमडली आणि ॲक्सलच्या वकिलांनी आता कंपनीलाच पत्र धाडलं. पंधरा वर्षं उशीर करणाऱ्या माणसाने दुसऱ्याला ‘तुम्ही लोकांना दिलेला शब्द पाळला नाहीत’ असं सुनावण्याचा हा प्रसंग मी फ्रेम करून ठेवलाय.

आता उशिराची कारणं. ‘टूल’कडे कारणं होती आणि ती कंटाळवाणी होती, म्हणूनच मला ती खरी वाटतात. २००७ मध्ये सुरू झालेला कज्जा २०१५ पर्यंत चालला, त्यात विमा कंपनीही उतरलेली. कोर्टाच्या तारखा घेतलेल्या कुठल्याही मराठी घराला याहून जास्त समजावून सांगायची गरज नाही. शिवाय तिघं वादक एकेक तुकडा महिनोन्महिने घोटत बसायचे आणि ते गाणं बांधून होईपर्यंत गायक शब्द लिहायला बसायचा नाही. तोवर तो ॲरिझोनात द्राक्षं लावून वाइन करत होता. नाशिककरांनी याला दाद द्यावी. म्हणजे चार माणसं, चौघांचं एकमत होईपर्यंत पान हलायचं नाही. उशीर होणारच.

ॲक्सलकडे कारण नव्हतं, पैसा होता. स्लॅश १९९६ मध्ये गेला, बेसवाला डफ मॅकेगन त्याच्या पुढच्या वर्षी. उरला एक गायक, ज्याच्या हाती बँडचं नाव होतं. रेकॉर्ड कंपनीने १९९९ च्या मार्चपर्यंत अल्बम पुरा कर म्हणून दहा लाख डॉलर पुढे केले आणि दिल्यास आणखी दहा लाखांचं गाजर दाखवलं. न्यूयॉर्क टाइम्सने २००५ मध्ये हिशेब छापला तेव्हा खर्च एक कोटी तीस लाख डॉलरच्या घरात गेलेला होता आणि अल्बम यायला अजून तीन वर्षं होती. बकेटहेडला डोक्यावर चिकनची बादली घालून वाजवायची सवय. त्याला स्टुडिओत मोकळं वाटावं म्हणून तिथे त्याच्यासाठी खराखुरा कोंबड्यांचा खुराडा बांधून दिला, जाळीसकट. माणूस त्यात बसून गिटार वाजवणार. आता सांगा, खुराडा बांधायला आलेल्या सुतारालाही जे दिसलं असेल ते आत कोणालाच दिसलं नाही? दिसलं असणार. पण म्हणणार कोण?

माझा मुद्दा एवढाच आहे. बँडमध्ये ‘बास झालं’ म्हणणारा एक माणूस लागतो. ‘टूल’मध्ये असे चार होते, म्हणून भांडणं झाली, वर्षं गेली, पण जे आलं ते एका अंगाचं आलं. ॲक्सलभोवती पगारी माणसं होती. पगारी माणूस ‘आणखी एक टेक घेऊया का?’ या प्रश्नाला नेहमी ‘हो’ म्हणतो, कारण मीटर चालू असतं. म्हणून ‘चायनीज डेमोक्रसी’मध्ये एकेका गाण्यावर चार-चार, पाच-पाच गिटारवाल्यांचे थर चढलेले ऐकू येतात. पुरणपोळीत पुरण किती भरायचं हे लाटणाऱ्याच्या हाताला कळतं. भरणारा एक, लाटणारा दुसरा, भाजणारा तिसरा आणि तिघांचीही दर वर्षी बदली, तर पोळी फुटणारच.

आणि आता जुने वाचक ज्याची वाट पाहत बसलेत ते. हो, ड्रमर! बँड म्हणजे ड्रमर, हे मी या जागेवरून लिहितोय त्याला आता बरीच वर्षं झाली, आणि बरीच पत्रंही आली. पण हे बघा. ‘चायनीज डेमोक्रसी’चे ड्रम्स आधी जॉश फ्रीझने वाजवले. तो २००० मध्ये गेला. मग ‘ब्रेन’ या टोपणनावाचा ड्रमर आला. त्याला काय काम दिलं, तर फ्रीझने जे वाजवलं तेच पुन्हा वाजव. फ्रीझचे ठोके कागदावर उतरवून घेतले आणि ब्रेनने समोर कागद ठेवून ते बरहुकूम वाजवले. एका तबलजीचा लग्गीबाज हात कागदावर लिहून दुसऱ्याकडून तो हुबेहूब वाजवून घ्यायचा! कोणत्याही गुरूने हे ऐकलं तर डग्गा उचलून डोक्यात घालेल. २००६ मध्ये आला तिसरा ड्रमर. तिकडे ‘टूल’मध्ये डॅनी कॅरी १९९० पासून त्याच खुर्चीवर आहे. ‘फिअर इनॉक्युलम’मध्ये एक अख्खा तुकडा त्याच्या ड्रम्सचा आहे, आणि त्या अल्बमचा कणा कोणी मला विचारला तर मी तिकडे बोट दाखवीन.

एक कबुली देतो, कारण नाही दिली तर तुम्ही पत्रातून देणारच. २०१९ च्या सुरुवातीला ‘टूल’चा अल्बम एप्रिलच्या मध्यावर येईल, अशी चुकीची तारीख सांगणारा माणूस होता डॅनी कॅरी. ड्रमर. ठीक आहे. ठेक्याची माणसं कॅलेंडरमध्ये चुकतात, मात्रेत चुकत नाहीत. आणि पुण्याच्या एका वाचकाने मागेच कळवलंय की ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’च्या ‘लव्हलेस’मध्ये ड्रमर आजारी असल्याने बहुतेक ड्रम्स त्याच्याच ठोक्यांचे तुकडे जोडून केलेले आहेत आणि तरी तो अल्बम अमर झाला. बरोबर आहे, महाराज. पण त्यानंतरचा त्यांचा अल्बम यायला २१ वर्षं लागली, हे पत्रात लिहायचं राहिलं वाटतं.

निकाल बघा. ‘चायनीज डेमोक्रसी’ पहिल्या आठवड्यात अमेरिकेत २,६१,००० खपला आणि बिलबोर्डवर तिसरा आला. त्याच्या पुढे कान्ये वेस्ट आणि त्यानंतर टेलर स्विफ्ट, जी त्या वेळी १८ वर्षांची होती आणि गन्स अँड रोझेसचा आधीचा अल्बम आला तेव्हा बालवाडीच्या वयाची. ‘फिअर इनॉक्युलम’ पहिल्या आठवड्यात २,७०,००० वर गेला आणि पहिला आला. पहिल्या जागेवरून कोणाला उठवून? टेलर स्विफ्टला. आकडे मोजायची पद्धत मधल्या अकरा वर्षांत बदलली हे मला ठाऊक आहे, त्याचं पत्र नको. ‘फिअर इनॉक्युलम’चं शीर्षकगीत दहा मिनिटांहून लांब आहे आणि तरी बिलबोर्डच्या शंभर गाण्यांत शिरलं. एवढं लांब गाणं त्याआधी तिथे कधीच पोचलं नव्हतं.

‘चायनीज डेमोक्रसी’ वाईट आहे असं मी म्हणत नाही, पूर्वीही म्हटलेलं नाही. त्यातली तीन-चार गाणी मी अजून ऐकतो. पण तो ऐकताना मला सारखी फोर्टची ती ऐंशी रुपयांची सीडी आठवते. तिच्यात खोकला होता, पण समोर माणसं एकत्र वाजवत होती. छापील अल्बमात खोकला नाही आणि ती माणसंही नाहीत.

तर, लोकलमध्ये. वांद्र्याच्या पुढे जरा जागा झाली तेव्हा मी त्या टोपीवाल्याला माझा नेहमीचा प्रश्न टाकला. स्लॅश आणि डफ २०१६ मध्ये परत आल्यापासून आलेली नवी म्हणवली जाणारी चार गाणी, दोन २०२१ ची, दोन २०२३ ची, ही सगळी त्या जुन्या चिनी गोदामातलाच माल पुसूनपासून काढलेली. मग डिसेंबरचा अल्बम वाजवणार कोण? सध्या तुमचा ड्रमर कोण आहे, ते तरी सांग.

मला वाटलं, पोरगं अडकणार.

“आयझॅक कार्पेंटर,” तो म्हणाला. “मार्चमध्ये आलाय, काका. आज तुम्ही बघितलं नाही का त्याला?”

बघितलं होतं. नाव आठवत नव्हतं. सांताक्रूझपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. मग मात्र हिशेब लागला. मार्च ते मे, दोन महिने. दोन महिन्यांच्या नोकरीत कोणी साहेबाला ‘बास’ म्हणतं का? हे मी त्याला म्हणणार होतो, पण अंधेरी आली आणि तो टोपी काखेत दाबून गर्दीत उतरून गेला.

अल्बम डिसेंबरात आलाच, तर या जागेवर मी त्याची माफी मागेन, आणि ऐंशी रुपयेही देईन.

– ठेकेदार