विळास चुकला तर

कन्नडमध्ये पत्त्याला ‘विळास’ म्हणतात आणि मराठीत विलास म्हटले की चैन आठवते. क्रिप्टो चलनात मात्र विळास चुकला की विलास संपला, अशी गत होते. बेंगळूर-पुण्याला नोकरी करणारी घरातली मुले हल्ली यात पैसे ठेवतात, आणि एक दिवस फोन येतो, “आई, पैसे चुकीच्या पत्त्यावर गेले.” रागावण्याआधी नेमके कुठे गेले ते विचारून घ्यावे. असे गेलेले सगळेच पैसे बुडत नाहीत.

खडेबाजार म्हटले की बेळगावचा का शहापूरचा, हे आपल्याला विचारावेच लागते. इथेही तसेच. यूएसडीटी हे डॉलरशी जोडलेले नाणे इथेरियम, ट्रॉन, बीएनबी अशा निरनिराळ्या जाळ्यांवर चालते. ट्रॉनचा पत्ता ‘टी’ने सुरू होतो, त्यामुळे फरक लगेच दिसतो. गोंधळ होतो तो इथेरियम आणि बीएनबीत. दोन्हींचे पत्ते शून्य-एक्सने सुरू होतात, पुढे 40 अक्षरे-अंक, आणि एका किल्लीचा पत्ता दोन्हीकडे तोच! पाठवणाऱ्याने बीएनबीवरून पाठवले आणि घेणारा इथेरियमवर बघत बसला, की शिल्लक शून्य दिसते.

पत्ता आपल्याच वॉलेटचा असेल आणि गुप्त किल्ली आपल्याकडे असेल, तर पैसे सुखरूप आहेत. त्याच किल्लीने दुसरे जाळे उघडायचे. मात्र पैसे हलवायला शुल्कापुरते त्या जाळ्याचे नाणे लागते, तिथे बरेच जण अडतात. पत्ता एक्स्चेंजचा असेल तर किल्ली त्यांच्या हाती. व्यवहाराचा क्रमांक देऊन अर्ज करायचा. कुणी शुल्क घेऊन काढून देतात, कुणी सरळ नाही म्हणतात. टोकनच्या कॉन्ट्रॅक्टच्याच पत्त्यावर गेले असतील आणि त्यात परतीची सोय लिहिलेली नसेल, तर मात्र आशा सोडावी. बँकेत निदान मॅनेजरसमोर जाऊन बसता येते. इथे शाखाच नाही.

हा घोळ जुनाच आहे. ऑगस्ट 2017 मध्ये बिटकॉइनमधून बिटकॉइन कॅश वेगळे निघाले, तेव्हा दोघांचे पत्ते एकाच धाटणीचे होते. लोकांनी एकाचे नाणे दुसऱ्याच्या पत्त्यावर धाडले. शेवटी जानेवारी 2018 मध्ये कॅशवाल्यांनी पत्त्याची नवी धाटणी आणली, आणि अडकलेली काही नाणी सुटावीत म्हणून मे 2019 मध्ये नियमही बदलले. भावकीतली वाटणीसुद्धा याहून लवकर मिटते!

मोठी रक्कम धाडण्याआधी थोडी पाठवून ती पोचली का बघावी. शुल्क दोनदा बसते, बसू दे. आणि पैसे अडकल्याचे कळताच “काढून देतो” म्हणणारे भेटतात. ते वॉलेटचे 12 किंवा 24 शब्द मागतात. ते शब्द म्हणजेच किल्ली. दिले की उरलेलेही जातात. कुणी दिलेच असतील, तर राहिलेले पैसे ताबडतोब नव्या वॉलेटमध्ये हलवावेत आणि 1930 या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.