आमची मूठ मिटलेली राहील
बालविवाहाविरुद्ध यवतमाळ जिल्ह्यातील गावकऱ्यांचा जाहीरनामा

आम्ही यवतमाळच्या सोळाही तालुक्यांतली, गावांतली, तांड्यांवरची, पोडांवरची माणसं जाहीर करतो: अल्पवयीन मुलीच्या लग्नात यापुढे आमच्या हातून अक्षता पडणार नाहीत.

आम्ही काय पाहिलं? दिवाळीनंतर पटावरची पोरगी कापूस वेचायला जाते. उन्हाळ्यात साक्षगंध उरकतं. पऱ्हाटीच्या बोंडांनी ओरखडलेल्या बोटांना हळद लागते, दप्तर खुंटीलाच राहतं. मग कोवळ्या अंगावर बाळंतपण येतं.

आईबापांना आम्ही शिव्या देणार नाही. कर्ज खरं आहे. ऊसतोडीला जाताना तरणी पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोरही खरा आहे. पण त्याची किंमत पोरीच्या आयुष्यानं मोजायची नाही.

'आपल्यात असंच चालतं' म्हणणाऱ्यांनी रखमाबाई आठवाव्यात. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा, असं १८८७ साली मुंबईत कोर्टानं त्यांना बजावलं. त्यांनी तुरुंगाची तयारी ठेवली. पुढे त्या डॉक्टर झाल्या.

लग्न एकट्या बापाच्यानं लागत नाही. बिछायतवाला, आचारी, बँड, लग्न लावणारा, जेवायला बसणारे आम्ही, असे गावभराचे हात लागतात. म्हणूनच २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा लग्न लावणाऱ्यालाही २ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड सांगतो.

आमचे ठराव:

१. मुलगी १८ची, मुलगा २१चा असल्याचा दाखला पाहिल्याशिवाय कुणी सुपारी घेणार नाही, कुणी लग्न लावणार नाही.

२. कुणकुण लागताच, मांडव पडण्याआधी, ग्रामसेवकाला कळवू किंवा बाल हेल्पलाइन १०९८ ला फोन करू. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाचीच आहे.

३. तोडीला जाणाऱ्या घरची पोरगी शाळेतच राहील. हंगामी वसतिगृह मागू. मिळेपर्यंत तिची भाकर आमच्या चुलीवर.

४. लहानपणी लग्न झालेली मुलगी परत आली, तर तिला 'टाकलेली' म्हणणार नाही. सज्ञान झाल्यापासून २ वर्षांच्या आत ते लग्न कोर्टातून रद्द करून घेण्याचा तिला हक्क आहे. वकिलापर्यंत आम्ही सोबत जाऊ.

शासनाकडे आणखी एक मागणी: सातवीनंतरची शाळा आणि तिथवर जाणारी एसटी प्रत्येक पोरीला मिळाली पाहिजे.

तिची अठरा वर्षं भरू द्या, तिला स्वतः हो म्हणू द्या. मग आम्हीच पहिली अक्षता टाकू, पंगतीत वाढायला उभे राहू. तोवर आमची मूठ मिटलेली राहील.